हा रुपया कोणाच्या दारात जातो?



मागच्या महिन्यात रेशनकार्डावरचा कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, "अमेरिकेत म्हणे काळ्या-गोऱ्यांमधली दरी कमी करायला शहराची नगरपालिका योजना आखते. आपल्याकडे जातीची दरी आहे. मग आपली पुणे महापालिका काय करते?" वेळ संपली होती. "पुढच्या वेळी सांगतो," असं म्हणून आम्ही सुटलो. पण बाहेर आल्यावर एकमेकींकडे पाहिलं, तर सांगण्याजोगं एकीकडेही काही नव्हतं. मग महिनाभर विचारपूस केली, अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तकं चाळली, वस्तीतल्या जुन्या बायकांना बोलतं केलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ताईंनी विचारलेल्या अमेरिकेचं सांगतो. तिथे सिएटल नावाचं शहर आहे. तिथल्या नगर प्रशासनाने २००४ च्या सुमाराला असं काम हाती घेतलं, की शहराच्या प्रत्येक खात्याने काही ठरवण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारायचे. याचा फायदा कोणाला होणार? त्रास कोणाला होणार? ज्यांना त्रास होणार त्यांना विचारलं का? नसेल विचारलं, तर आता काय बदलायचं? ऐकायला अगदी साधे प्रश्न. पण त्यातून काय निघालं, ते रस्त्यावरच्या दिव्यांच्या गोष्टीवरून कळतं. दिवा गेला की रहिवाशांनी तक्रार करायची, मग वीज खातं तो बदलणार, अशी पद्धत होती. नियम सगळ्यांना सारखा. यात कोणावर अन्याय आहे असं कोण म्हणेल? पण तक्रार कोण करतं, हे पाहा. ज्याला वेळ आहे, ज्याला ती भाषा येते, आणि आपण बोललो तर कोणीतरी ऐकेल असा ज्याला भरवसा आहे, तोच तक्रार करतो. त्यामुळे सुखवस्तू गोऱ्या वस्त्यांमधले दिवे भराभर बदलले जायचे आणि बाकीच्यांच्या गल्ल्यांत अंधार राहायचा. मग खात्याने पद्धतच बदलली. तक्रारीची वाट बघायची नाही. दिव्याचं आयुष्य संपत आलं, की ठरलेल्या क्रमाने सगळीकडचे दिवे बदलत जायचं.

हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, हे आपल्या सार्वजनिक नळाच्या गल्लीसारखंच झालं की!" खरंच आहे. तक्रार करायला पुण्यातही सोय आहे. महापालिकेचं 'पीएमसी केअर' आहे, फोन आहे, कार्यालय आहे. पण चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी सातला परतलेली बाई दिव्याच्या खांबाचा नंबर शोधून, फोटो काढून तक्रार टाकेल का? ती बॅटरी घेऊन शौचालयाला जाईल. नाहीतर जाणारच नाही, सकाळपर्यंत थांबेल. आणि कार्यालयातल्या कागदावर मात्र दिसेल, की या गल्लीतून एकही तक्रार नाही.

तिथे रंग आहे, इथे जात आहे. दोन्ही एकच नाहीत. रंग लांबून दिसतो. जात शहरात आडनावावरून आणि पत्त्यावरून ओळखली जाते. 'कुठे राहता?' हा आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रश्न, आणि त्याच्या उत्तरातून विचारणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. त्यात दिसलं, की आपल्या शहरांतही दलित आणि मुस्लीम लोक वेगवेगळ्या मोहल्ल्यांत कोंडले गेलेत, अमेरिकेत काळे लोक कोंडले गेलेत जवळपास तसेच. आणि अशा वस्त्यांत सरकारी माध्यमिक शाळा, दवाखाने, पाणी, गटारं कमी आहेत. म्हणजे जात शहरात येऊन पातळ होते असं आपण म्हणतो खरं, पण नळाच्या पाइपात ती शिल्लक राहते.

गंमत म्हणजे त्याच सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आणि तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्याच. आपली जात विमानात बसून गेली, आणि तिला अडवणारीही आपल्यातलीच निघाली. असो, आपण घरी येऊ.

पुण्याच्या नगरपालिकेत 'हा पैसा कोणासाठी?' हा प्रश्न सिएटलच्या सव्वाशे वर्षं आधी विचारला गेला होता. विचारणारे होते जोतीराव फुले. शाळा, सत्यशोधक समाज, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे आम्हालाही नीट माहीत नव्हतं. त्या वेळी सभासद निवडून यायचे नाहीत, सरकार नेमायचं. सरकारने नेमलेल्या माणसाने मान डोलवावी अशी अपेक्षा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलवल्या. जोतीराव एकटे विरोधात गेले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मोठी मंडई बांधायची टूम निघाली, तेव्हाही त्यांचा विरोध होता आणि कारण तेच होतं, की आधी शाळा. मंडई झालीच. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उभी राहिली, आणि अनेक वर्षांनी तिला नाव कोणाचं दिलं? महात्मा फुल्यांचं! आपण आठवड्याची भाजी घ्यायला जिथे जातो, ती इमारत म्हणजे फुल्यांच्या हरलेल्या मताचा पुतळा आहे म्हणा ना.

दुसरी गोष्ट १९२० ची. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करायचं असं नगरपालिकेत घाटत होतं, पण फक्त मुलग्यांसाठी. मुलींचं पुढे बघू, आत्ता तेवढे पैसे नाहीत. तेव्हा पुण्यातल्या बायका रस्त्यावर आल्या. रमाबाई रानड्यांसारख्या बाई पुढे होत्या, विठ्ठल रामजी शिंदे पाठीशी होते. मुलींचा विषय नंतर, दलितांचा विषय नंतर, पैसे शिल्लक राहिले तर, हे वाक्य शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही. आजही ऐकू येतं. फक्त आता त्याला 'निधीची उपलब्धता' म्हणतात.

आणि पुण्याबाहेरची एकच गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती महाडची. सीताराम केशव बोल्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही दलित बाईची घागर त्या तळ्यात बुडली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथे जाऊन पाणी प्यायली, तेव्हा मारहाण झाली, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव करणं सोपं असतं आणि ठराव मागे घेणं त्याहून सोपं. महापालिकेची कुठलीही योजना ऐकली की आम्ही आता महाडची आठवण ठेवून ऐकतो. कागद कुठे आहे हे विचारायचं, आणि घागर बुडली का हेही विचारायचं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. पुणे महापालिका काय करते?

पहिली गोष्ट, वेगळा ठेवलेला पैसा. राज्य सरकारच्या नियमानुसार महापालिकांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि तसाच पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. शिवाय राज्याकडून अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने दलित वस्त्यांच्या सुधारणेसाठी निधी येतो. त्यातून गटारं, फरशी, समाजमंदिरं होतात. महापालिकेचा समाज विकास विभाग आहे. तो शिष्यवृत्त्या देतो. दहावीसाठी मौलाना आझादांच्या नावाने, बारावीसाठी अण्णाभाऊंच्या नावाने. दहावीला पंधरा हजार, बारावीला पंचवीस हजार. खुल्या गटाला ८० टक्के गुण लागतात, मागासवर्गीय मुलांना आणि महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना ७० टक्के पुरतात. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुलींचं अकरावीचं पहिलं वर्ष याच पैशावर निघालंय, ते नाकारायचं कारण नाही. निकाल लागला की अर्जाची तारीख बघत जा, दरवर्षी कोणाची ना कोणाची चुकतेच.

पण एक हिशेब करून बघा. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६०० कोटींच्या वर आहे. पाच टक्के बाजूला काढले, त्यातून शिष्यवृत्ती, शिलाई मशीन, फरशी दिली, छान. उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांतून पूल, रस्ते, पाण्याच्या टाक्या, बागा, नदीकाठ, दवाखाने होतात. ते कोणाच्या दारात गेले, हे कोण मोजतं? आमचं म्हणणं एवढंच आहे, की दरी त्या पाच टक्क्यांमुळे कमी होत नाही. दरी वाढते की घटते, ते पंच्याण्णव टक्क्यांत ठरतं. मागासवर्गीयांचा निधी म्हणजे पंगतीत कोपऱ्यात मांडलेलं वेगळं पान. पान मिळालं म्हणून आनंद मानायचा, की मुख्य पंगतीत कोणाला वाढलं जातंय ते बघायचं?

पाण्याचंच पाहा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते आपल्या आज्या सांगतात. २०१८ च्या सप्टेंबरात मुठेचा कालवा फुटला, तेव्हा पाणी शिरलं ते दांडेकर पुलाच्या वस्तीत. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हाही ओढ्याच्या कडेची घरं वाहिली. नंतर ओढा सरळ करायचं काम निघालं आणि २०२१ च्या जूनमध्ये, ऐन कोरोनात, तिथल्या घरांवर बुलडोझर गेला. कोणी म्हणेल यात जात कुठे आली, ओढा जात बघत नाही. ओढा बघत नाही हो. पण ओढ्याच्या कडेला, कालव्याच्या भिंतीखाली, टेकडीच्या उतारावर कोणाला जागा मिळाली आणि उंचावरची सपाट जागा कोणाला मिळाली, ते दुष्काळात बिऱ्हाड डोक्यावर घेऊन आलेल्या माणसांची नावं वाचली की कळतं.

मग मुख्य पंगतीत कधी वाढलं गेलं का? गेलं. दोनदा तरी गेलं, आणि दोन्ही वेळा त्यामागे बायका होत्या.

एक शौचालयांचं. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या वस्त्यांत काय हाल होते, ते आमच्यातल्या पन्नाशीच्या बायकांना विचारा. पहाटे चारला रांग. दिवसभर पाणी प्यायचं नाही, म्हणजे जावं लागणार नाही. पाळी आली की विचारूच नका. त्या वेळी रत्नाकर गायकवाड आयुक्त होते. १९९९ पासून दोन-तीन वर्षांत महापालिकेने वस्त्यांत शौचालयांची चारशेच्या वर संकुलं बांधली. त्याआधीच्या तीस वर्षांत झालं नव्हतं एवढं काम तेवढ्यात झालं. पण आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. नुसतं ठेकेदाराला काम दिलं नाही, संस्थांना बोलावलं. त्यात वस्तीतल्या बायकांची महिला मिलन होती. बायकांनी सांगितलं, की लहान पोरांना मोठ्यांच्या भांड्यावर बसायची भीती वाटते, त्यांच्यासाठी वेगळी जागा करा. देखभाल करणाऱ्याला वर राहायला खोली द्या. बायकांची रांग वेगळी ठेवा. आणि माणसं मोजली, पन्नास माणसांमागे एक सीट या हिशेबाने. त्याच सुमाराला शेल्टर असोसिएट्स या संस्थेने पुण्यातल्या वस्त्यांची मोजणी करून नकाशे केले. कुठल्या घरात माणसं किती, संडास आहे का, ड्रेनेजची लाइन किती लांब. नकाशावर वस्ती आली, की 'तिथे जागा नाही' हे उत्तर देता येत नाही. पुढे घरोघरी शौचालय बांधायचं काम निघालं, तेव्हा हेच नकाशे उपयोगी पडले.

सगळं सोन्यासारखं झालं असं नाही. काही संकुलांत पाणी नाही, काहींची दारं गेली, वर राहणारा निघून गेला. आमच्या वस्तीतल्या एकाचं कुलूप दोन वर्षं उघडलं नव्हतं, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका आजीने दगडाने फोडलं. बांधायला पैसे मिळतात, झाडायला मिळत नाहीत, हे महापालिकेचंच नाही, आपल्या घराचंही तसंच असतं.

दुसरी गोष्ट कचरा वेचणाऱ्या बायकांची. ती जरा सावकाश सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर आम्हाला तिथे सापडलं.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यातल्या बहुसंख्य मातंग, नवबौद्ध अशा दलित समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या कितीतरी. पोतं पाठीवर, हातात आकडा, कचराकुंडीत वाकलेली बाई. पोलीस चोर म्हणणार, सोसायटीतले घाण म्हणणार, भंगारवाला वजनात मारणार. नव्वदच्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यांना अक्षरं शिकवायला गेल्या. बायका म्हणाल्या, अक्षरं राहू द्या, आमच्या कामाचं काहीतरी बघा. १९९३ मध्ये बाबा आढावांसारखे लोक सोबत घेऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा म्हणजे हमालांचे, 'एक गाव एक पाणवठा'चे. त्यांना पाण्याची आणि जातीची गोष्ट सांगायची गरज नव्हती.

पंचायतीने पहिली मागणी पैशाची केली नाही. ओळखपत्राची केली. महापालिकेने सही-शिक्का मारलेलं ओळखपत्र, की ही बाई कामगार आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ते मिळालं. साधा पुठ्ठ्याचा तुकडा, पण पोलिसाला दाखवता यायचा. मग हिशेब मांडला. या बायका रोज किती टन माल वेगळा काढतात? तो त्यांनी काढला नसता, तर महापालिकेला गाड्या किती लागल्या असत्या, डिझेल किती, डेपोत जागा किती? म्हणजे या बायका महापालिकेचे पैसे रोज वाचवतात. महापालिकेने हे मानलं, आणि २००२-०३ पासून त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता आपल्या अंदाजपत्रकात घातला. बघा, हे मागासवर्गीय कल्याणाच्या दयेतून आलं नाही. 'तुम्ही आमचं देणं लागता,' असा तो हिशेब होता.

२००० मध्ये देशाचे घनकचऱ्याचे नियम आले. घरोघरी जाऊन कचरा घ्या, ओला-सुका वेगळा करा. महापालिकेसमोर दोन रस्ते होते. मोठ्या कंपनीच्या गाड्या लावायच्या, म्हणजे कुंडीतला माल गाडीत जाणार आणि या बायकांची भाकरी जाणार. नाहीतर हेच काम या बायकांनाच द्यायचं. पंचायतीतून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली, २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. बाई ढकलगाडी घेऊन दारात येते, घरटी महिन्याचे ठरलेले पैसे घेते, सुका माल विकून आणखी चार पैसे मिळवते. कुंडीत वाकण्याऐवजी दारात उभी राहते. 'ए कचरेवाली'चं 'ताई' झालं. सगळीकडे झालं असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी झालं. पॅड कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीमही यांचीच. आपलं रक्त दुसऱ्या बाईच्या हाताला लागू नये, एवढंच मागणं. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ते ऐकल्यावर खाली पाहिलं होतं.

पण महाडचा ठराव आठवा. २००८ चा करार पाच वर्षांचा होता. तो संपल्यावर, आणि पुढचा करार २०२० च्या शेवटी संपल्यावरही, या बायका मुदतवाढीवर टांगल्या गेल्या. दर वेळी चर्चा तीच, की ठेकेदाराला देऊन टाकू, गाड्या आधुनिक दिसतात. दर वेळी बायकांना महापालिकेच्या दारात बसावं लागलं. हजारो घरं चालवणारी योजना अशी महिन्या-महिन्यावर टांगती असेल, तर तिला योजना म्हणायचं का?

आणि यात आणखी एक गाठ आहे. त्यावर आमच्यात भांडण झालं, ते लपवत नाही. एक जण म्हणाली, "कचऱ्याचं काम दलित बायकांकडेच पक्कं करून दिलं, यात जात कुठे कमी झाली?" तिचं म्हणणं खोटं नाही. सफाई कामगारांचंही तसंच. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते, २०२३ मध्ये राज्य सरकारने ते नियम नव्याने एकत्र केले. पोटाला आधार आहे, पण बापाचा झाडू पोराच्या हातात सरकारी शिक्क्याने येतो. दुसरी, जी स्वतः गाडी ढकलते, ती म्हणाली, "तू म्हणतेस ते बरोबर, पण माझं पोट आज आहे. मला काम दे, हातमोजे दे, विमा दे, आणि माझ्या पोरीला शिष्यवृत्ती दे. पोरगी गाडी ढकलणार नाही. तुझी पोरगी ढकलेल का, ते सांग." यावर कोणी काही बोललं नाही. त्या शिष्यवृत्तीसाठीच आपण मघाशी तारीख बघायला सांगितलं.

आता राहिला मोजण्याचा प्रश्न. शौचालयांचं जमलं कारण माणसं मोजली. कचऱ्याचं जमलं कारण टन मोजले. सिएटलचं जमलं कारण दिवे मोजले. पण पुण्यातल्या कुठल्या वस्तीत, कुठल्या समाजाच्या घरांत पाणी किती तास येतं, असं कोष्टक अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आम्हाला सापडलं नाही. देशाची शेवटची जनगणना २०११ ची. आता २०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार आहेत, आणि त्याआधीच्या घरयादीत नळ, संडास, सांडपाणी यांची माहिती घेतात. गणना करणाऱ्या बाई दारात आल्या, की "आहे, आहे, सगळं आहे" असं लाजेखातर सांगू नका. सार्वजनिक संडास असेल तर सार्वजनिकच सांगा. घरात नळ नाही तर नाही सांगा. पाहुण्यांपुढे झाकायचं असतं, गणनेपुढे नाही.

आणि तोवर काय? पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहे. आपल्या भागात काय हवं ते आपण लिहून द्यायचं, पाच लाखांपर्यंतचं काम. ही सोय चांगली, पण तिलाही दिव्याच्या तक्रारीचाच रोग. अर्ज कोण करतं? ज्याला ठाऊक आहे तो. त्यातून बाकडी आणि पदपथ जास्त होतात, कारण बाकडी मागणाऱ्यांना अर्ज भरता येतो. गेल्या वर्षी आम्ही नऊ जणी एका क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथले साहेब म्हणाले, "वस्तीचं वेगळ्या निधीतून होतं, हे तुमच्यासाठी नाही." पाच टक्क्यांची पंगत दाखवली आम्हाला! असा कुठलाही नियम नाही. आम्ही तसं म्हटलं, थोडा आवाज चढला, अर्ज घेतला गेला. त्यातल्या दोन सूचना पुस्तकात आल्या. एक दिव्याच्या खांबांची, एक शौचालयाच्या दाराची. खांब उभे राहिलेत, दाराची वाट बघतोय. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा दाद मागायला तेही दार बंद होतं. आता निम्म्या जागांवर बायका आहेत. आपल्या प्रभागातली कोण, तिचं कार्यालय कुठे, एवढं तरी शोधून ठेवा.

या वेळी जाणार असाल तर असं करा. अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी निघतात. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा, शहरात अशी पंधरा कार्यालयं आहेत. एका अर्जावर एकच काम लिहा. जागा नीट लिहा, 'वस्तीत' असं नको, 'सार्वजनिक शौचालयाच्या मागची गल्ली, किराणा दुकान ते नाला' असं. किती घरांना उपयोग होणार तो आकडा लिहा, मोजून लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुरकुर करतील, थांबून राहा. आणि मागच्या वर्षी तुमच्या प्रभागात कुठल्या गल्लीत किती खर्च झाला, ते माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. उत्तर आलं, की कागद घेऊन गुरुवारी केंद्रावर या, आम्ही चारनंतर असतो. आकडे मोठ्याने वाचायला दोघी-तिघी लागतात.